हिवाळ्यात अंगणातल्या पक्ष्यांना खाऊ : दाणे, फीडर, जागा, धुणं-पुसणं

अंगणवेल (न्यू जर्सी)

न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया या पट्ट्यात ऑक्टोबर सरत आला की फीडरचे, म्हणजे पक्ष्यांना दाणे ठेवायच्या भांड्याचे, प्रश्न सुरू होतात आणि उत्तरं दहा धाग्यांवर विखुरलेली असतात. ती एका जागी असावीत म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. आपण दाणे घातले नाहीत तर अंगणातले पक्षी उपाशी मरतील, असं नसतं. विस्कॉन्सिनमध्ये १९८० च्या दशकात ब्लॅक-कॅप्ड चिकाडी या काळ्या डोक्याच्या इवल्या पक्ष्यावर अभ्यास झाला. रोज फीडरवर येणाऱ्या चिकाडीसुद्धा दिवसाच्या गरजेच्या जेमतेम पाचवा हिस्सा तिथून घेत होत्या. बाकीचं पोट सालीतले किडे, कोळ्यांची अंडी आणि रानातल्या बिया यांवर. मात्र कडाक्याच्या थंडीत फरक दिसला. फीडर असलेल्या भागात ६९ टक्के चिकाडी हिवाळ्यातून तगल्या, नसलेल्या भागात ३७ टक्के. म्हणजे आपला खाऊ ही जोड आहे, आणि ती नेमकी वाईट दिवसांत उपयोगी पडते. पण त्याच फीडरवर बुरशी धरली, रोग पसरला, पक्षी काचेवर आपटले किंवा मांजराच्या तोंडी गेले, तर न घातलेलं बरं. तेव्हा दाणे आणण्याआधी जागा ठरवा आणि धुण्याची तयारी ठेवा.

आता दाणे. एकच गोणी घ्यायची असेल तर काळं सूर्यफूल, इथे 'ब्लॅक ऑइल सनफ्लॉवर' म्हणतात ते. टरफल पातळ, तेल भरपूर. कार्डिनल, चिकाडी, टिटमाउस, नटहॅच, हाउस फिंच, सगळे खातात. पांढऱ्या पट्ट्यांचं मोठं सूर्यफूल वेगळं. त्याचं टरफल जाड असतं, लहान चोचीला फुटत नाही.

दुसरं सॅफ्लॉवर, म्हणजे आपली करडई. कार्डिनलला आवडते, होले खातात, चिकाडी खाते. ग्रॅकल, स्टार्लिंग आणि खारी बहुधा तोंड फिरवतात. फीडरवर स्टार्लिंगची झुंड उतरत असेल तर दोन आठवडे निव्वळ करडई ठेवून बघा.

तिसरं नायजर, म्हणजे कारळे. ज्याची चटणी करतो तेच. गोल्डफिंच आणि पाइन सिस्किन यांचं हे खास खाणं. दाणा बारीक, म्हणून त्याला अरुंद चिरांचा वेगळा फीडर लागतो. साध्या फीडरमधून तो सगळा खाली सांडतो. परदेशातून येणारे कारळे अमेरिकेत तापवून मगच विकतात. त्यात अमरवेलीचं बी मिसळून येण्याची भीती असते, ते मरावं म्हणून. कारळे लवकर वाळतात आणि वाळलेल्याला गोल्डफिंच शिवत नाही. पाच-सहा दाणे पांढऱ्या कागदावर ठेवून चमच्याने दाबा. तेलाचा डाग उमटला तर ताजे, नुसती भुकटी झाली तर फेकायचे. गोल्डफिंच हिवाळ्यात पिवळाधमक नसतो, मळकट शेवाळी दिसतो. त्यामुळे 'नुसत्या चिमण्याच येतात' असं वाटत असेल तर पंखांवरचे पांढरे पट्टे नीट बघा. न्यू जर्सीचा राज्यपक्षी तुमच्याच अंगणात असेल.

जमिनीवर टिपणाऱ्यांसाठी पांढरी प्रोसो मिलेट, आपल्या राळ्यापेक्षा जरा मोठा गोल दाणा. जुंको, होले आणि स्थानिक चिमण्यांच्या जाती ती खातात.

स्वस्त मिश्रण मात्र घेऊ नका. पिशवी उलटून बघितली की लालसर गोल दाणे दिसतात, तो मायलो, म्हणजे ज्वारीच. पश्चिमेकडचे काही पक्षी खातात. आपल्या पूर्वेच्या पट्ट्यात पक्षी चोचीने तो बाजूला उडवतात, तो खाली कुजतो आणि मग उंदीर येतात. वीस पौंडांच्या स्वस्त पिशवीतला निम्मा माल असा जमिनीवर गेला तर ती स्वस्त कुठली?

शेंगदाणे बिनमिठाचे. सबंध शेंगा ब्लू जे उचलून नेतो, सोललेले दाणे जाळीच्या फीडरमध्ये. खवट किंवा बुरशीचा वास येणारे दाणे पक्ष्यालाही घालू नयेत. त्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं.

उरलेला चिवडा, फरसाण, फोडणीचा भात, लोणच्याच्या हाताने कुस्करलेली पोळी, हे काही नको. मीठ लहान पक्ष्याला झेपत नाही. बिनमिठाचा शिळा भात थोडासा चालतो. 'कच्चे तांदूळ पक्ष्याच्या पोटात फुगून तो मरतो' हे मात्र खोटं आहे. शेतातलं भात पक्षी कच्चंच खातात.

---

गारठा (मिनेसोटा)

अंगणवेल, चांगला धागा. दाण्यांबद्दल सगळं पटलं. फीडर आणि खांबाबद्दल मी लिहितो, कारण निम्म्या तक्रारी तिथेच असतात.

नळीचा फीडर लहान पक्ष्यांसाठी. कार्डिनलला त्यावर नीट बसता येत नाही. तो समोर तोंड करून बसणारा पक्षी आहे, त्याला रुंद काठ लागतो. त्याच्यासाठी छपराचा हॉपर, म्हणजे पेटीसारखा फीडर, किंवा नळीखाली ताटली. तो पहाटे सगळ्यांत आधी आणि संध्याकाळी सगळ्यांत शेवटी येतो, म्हणून अंधार पडायच्या आत ताटली रिकामी करत असाल तर थोडं थांबा.

नळीचा फीडर विकत घेताना तळ बघा. सगळ्यांत खालचं भोक तळापासून एक-दीड इंच वर असेल तर तेवढे दाणे कधीच संपत नाहीत. बर्फ वितळून पाणी शिरतं आणि तळाशी राखाडी-हिरवा, ओल्या पेंडीसारखा गोळा तयार होतो. वरून पाहिलं तर फीडर भरलेला, स्वच्छ. पक्षी मात्र येईनासे होतात. उपाय दोन. तळ उचललेला फीडर घ्या किंवा त्या पोकळीत धुतलेले खडे भरून ती बुजवा. ताटलीला निचऱ्याची भोकं नसतील तर पाव इंचापेक्षा लहान चार-पाच पाडून घ्या. आणि दाणे संपायच्या आत वरून भर घालत राहू नका. आधी उलटा करून झटकायचा, मग नवे भरायचे.

खारींचं गणित इथे सगळ्यांना पाठ असावं: ५-७-९. खार जमिनीवरून पाच फूट वर, झाडावरून सात फूट आडवी आणि वरून नऊ फूट खाली उडी मारते. म्हणून खांब झाड, कुंपण, डेकचा कठडा यांपासून दहा फुटांवर. खांबावर बॅफल, म्हणजे आडकाठी: पंधरा इंचांहून रुंद घुमट किंवा सहा-आठ इंच व्यासाची, दोन फूट लांब पत्र्याची नळी. तिचा वरचा काठ जमिनीपासून पाच फुटांवर आणि फीडर त्याच्याही वर. नुसता शेफर्ड हुक, म्हणजे वर आकडा असलेली उभी सळई, खारीसाठी शिडीच.

यात एक गोष्ट हमखास विसरली जाते. दोन फूट बर्फ साचला की पाच फुटांचे तीनच राहतात आणि जानेवारीत खार अचानक वर पोचते. खांबाभोवतीचा बर्फ फावड्याने काढा किंवा आधीच बॅफल उंच लावा. खांब नोव्हेंबरातच रोवायचा. जमीन गोठली की स्क्रूचं टोक आत जात नाही.

खांबाला ग्रीस, व्हॅसलीन, तेल लावू नका. ते पिसांना लागलं की पिसं चिकटतात, आतली हवा जाते आणि पक्ष्याची ऊब जाते. खारीच्या केसांचंही तेच.

---

सुगरण (मॅसॅच्युसेट्स)

टाउनहाउसमध्ये खांब रोवू देत नाहीत. खिडकीला चिकटवायचा पारदर्शक फीडर घेतला तर पक्षी काचेवर आपटणार नाहीत का? आणि थंडीत ते सक्शन कप सुटतात असं ऐकलं आहे.

---

अंगणवेल

सुगरण, उलट आहे. काचेला चिकटलेला फीडर सुरक्षित. फीडर खिडकीपासून तीन फुटांच्या आत असावा, नाहीतर तीस फुटांच्या पलीकडे. तीन फुटांच्या आत पक्ष्याला वेगच घेता येत नाही, धडकला तरी लागत नाही. तीस फुटांपलीकडे त्याला घर घर म्हणून दिसतं. दहा-पंधरा फूट हे अंतर सगळ्यांत वाईट. ससाणा आला की पक्षी फीडरवरून घाबरून सुटतात आणि काचेतल्या आभाळाच्या प्रतिबिंबात पूर्ण वेगाने शिरतात. अमेरिकेत दरवर्षी काचेवर आपटून मरणाऱ्या पक्ष्यांचा २०१४ मधला अंदाज ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी होता.

बाकीच्या मोठ्या काचांना बाहेरच्या बाजूने ठिपके लावा, दोन दोन इंचांवर. कोपऱ्यात ससाण्याचं एक स्टिकर लावून काही होत नाही. पक्षी स्टिकर चुकवतो आणि शेजारच्या मोकळ्या काचेवर आपटतो.

सक्शन कप: काच स्पिरिटने पुसा, कप कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा, कोरडा करून दाबा. हे काम दुपारी, काच त्यातल्या त्यात उबदार असताना करा. गोठलेल्या काचेवर कप धरत नाही. दाणे थोडेच भरायचे, वजनाने निसटतो. असोसिएशनचे नियम आधी वाचा. बऱ्याच ठिकाणी सांडलेल्या टरफलांमुळे बंदी असते. तिथे सोललेलं सूर्यफूल वापरा. कचरा पडत नाही, पण ओलं झालं की लवकर नासतं, म्हणून दिवसापुरतंच.

---

धुकं (टोरांटो)

सुतारपक्ष्यांसाठी सूट लावतात ती गाईबैलांच्या गुर्द्याभोवतीची चरबी. आमच्यासारख्या घरांत ती आणायची नसते. तिला पर्याय काय? साजूक तूप चालेल का?

---

अंगणवेल

तूप नको. थंडीत घट्ट दिसतं पण उन्हाचा कवडसा पडला की पाघळतं आणि चोचीभोवतीची, छातीची पिसं माखतात. तळणाचं उरलेलं तेल तर अजिबात नको, त्यात मीठ-मसाला असतो.

पिठाचा गोळा करा. पुष्कळ लोक करतात आणि सुतारपक्षी, नटहॅच, चिकाडी, कॅरोलिना रेन सगळे खातात.

शेंगदाणा बटर १ कप, बिनमिठाचं आणि बिनसाखरेचं. घट्ट व्हेजिटेबल शॉर्टनिंग, म्हणजे वनस्पती तुपासारखं, १ कप. पिवळ्या मक्याचा भरडा, म्हणजे कॉर्नमील, ४ कप. मैदा १ कप.

पहिल्या दोन वस्तू जाड बुडाच्या भांड्यात अगदी मंद आचेवर वितळवा. उकळी आणायची नाही. गॅस बंद करून त्यात भरडा आणि मैदा थोडा थोडा घालत ढवळा. भाकरीच्या पिठापेक्षा थोडं सैल, पण मुठीत दाबलं तर आकार धरणारं झालं पाहिजे. हाताला तेल सुटत असेल तर भरडा वाढवा. कोरडं पडून चुरा होत असेल तर चमचाभर शॉर्टनिंग. चौकोनी डब्यात दीड इंच जाड थापून फ्रीजरमध्ये ठेवा आणि साडेचार इंचांचे चौकोन कापा. बाजारातल्या सूटच्या जाळीच्या पिंजऱ्याचं माप तेच असतं. भरड मक्याऐवजी बारीक कॉर्नस्टार्च वापरलं तर लगदा होतो, ती चूक नेहमीची. बेसन, गूळ, मध काही घालू नका.

हा गोळा फक्त थंडीसाठी. पारा ५० फॅरनहाइटच्या वर राहायला लागला की काढून घ्या.

---

गारठा

यात एक भर. पिंजरा खालून उघडा असलेला घ्या, म्हणजे पक्ष्याला उलटं लटकून खावं लागतं. डाउनी सुतारपक्षी आणि नटहॅच यांना ते सहज जमतं, स्टार्लिंगला फार वेळ जमत नाही. एक चौकोन दोन दिवसांत फस्त होत असेल तर तो बहुतेक स्टार्लिंगने खाल्ला.

खारींसाठी मिरची घातलेला खाऊ विकत मिळतो, तोही चालतो. तिखटपणा ज्यामुळे जाणवतो ते कॅप्सेसिन सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंना झोंबतं. पक्ष्यांच्या त्याच ग्राहीवर त्याचा परिणाम होत नाही. म्हणूनच पोपट हिरवी मिरची कचाकचा खातो. पण घरातली लाल पूड दाण्यांवर भुरभुरवू नका. वाऱ्याने उडून पक्ष्याच्या आणि आपल्या डोळ्यांत जाते. तेलात मुरवून दाण्याला चिकटवलेलंच घ्या.

---

पळसपान (लेस्टर, इंग्लंड)

अमेरिकेचं वाचलं, आता इकडचं थोडं. ब्रिटनमध्ये फीडरचा प्रश्न आधी रोगाचा, मग दाण्यांचा. ट्रायकोमोनोसिस हा घशाचा रोग २००५-०६ पासून इथल्या ग्रीनफिंचमध्ये पसरला आणि त्यांची संख्या इतकी घसरली की २०२१ मध्ये ग्रीनफिंच धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेला. चॅफिंचलाही त्याचा फटका आहे. आजारी पक्ष्याला गिळता येत नाही. तो दाणा चघळून तोंडातून टाकतो, तो लाळेने ओला दाणा दुसरा उचलतो. सपाट टेबलावर हे सगळ्यांत जास्त होतं. म्हणून आरएसपीबी या पक्षिसंरक्षण संस्थेने २०२५ मध्ये सपाट फीडरची विक्रीच थांबवली. इथल्या मराठी घरांत डेकवर ताटलीत दाणे पसरून ठेवायची जी सवय आहे, ती सोडायला हवी. टांगता फीडर, थोडेच दाणे, एक-दोन दिवसांत संपतील इतके, आणि पाणी रोज बदललेलं.

आणखी एक. चरबीचे गोळे हिरव्या प्लॅस्टिकच्या जाळीत मिळतात. जाळी कापून काढा आणि गोळा धातूच्या पिंजऱ्यात ठेवा. जाळीत पक्ष्याचा पाय अडकतो, जीभही अडकते.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारच्या सुमारास बिग गार्डन बर्डवॉच असतं. १९७९ पासून चालू आहे. एक तास बसायचं आणि एका वेळी जास्तीत जास्त किती पक्षी दिसले तो आकडा लिहायचा, बेरीज नाही. मुलांना घेऊन करण्यासारखं आहे.

---

सुगरण

अमेरिकेतही धुणं इतकंच काटेकोर हवं का? बाहेर उणे तापमान असताना जंतू टिकतात?

---

गारठा

टिकतात. साल्मोनेला थंडीने मरत नाही. २०२०-२१ च्या हिवाळ्यात उत्तरेकडून पाइन सिस्किनचे मोठे थवे खाली उतरले होते. फीडरवर दाटी झाली, साल्मोनेला पसरला, आणि पक्ष्यांना, फीडरना हात लावलेली माणसंही आजारी पडली. सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने त्यावर इशारा काढला होता. हाउस फिंचच्या डोळ्यांचा रोग तर १९९४ पासून आहे, वॉशिंग्टन डीसीच्या आसपास पहिल्यांदा दिसला. डोळे सुजतात, चिकटतात. पक्ष्याला दिसत नाही, म्हणून तो नळीच्या भोकाला डोकं घासत तिथेच बसून राहतो आणि भोकाची कड पुढच्या पक्ष्यासाठी दूषित होते. धुताना हीच कड लोक विसरतात.

दोन आठवड्यांतून एकदा, गर्दी किंवा ओल असेल तर आठवड्याला:

फीडर रिकामा करायचा. उरलेले दाणे कचऱ्यात, गवतात नाही. सुटे होतील तेवढे भाग सुटे करायचे. गरम साबणपाणी आणि बाटल्या घासायचा लांब ब्रश. आधी विष्ठा आणि चिकटलेली पेंड पूर्ण निघाली पाहिजे, कारण घाणीवर ब्लीच लागू होत नाही. मग एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, त्यात दहा मिनिटं बुडवून ठेवायचं. नंतर भरपूर पाण्याने खळबळून ब्लीचचा वास जाईपर्यंत धुवायचं. शेवटी पूर्ण वाळवायचं. आतून जरा जरी ओलसर असताना दाणे भरले तर चार दिवसांत परत बुरशी.

हे सगळं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये करू नका. बाहेरचा नळ गोठलेला असतो, तेव्हा तळघरातल्या लाँड्री सिंकमध्ये किंवा वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून. वाळायला एक दिवस लागतो, म्हणून सारखेच दोन फीडर ठेवले तर एक टांगलेला आणि एक वाळत, असं चक्र बसतं.

पिसं फुगवून बसलेला, जवळ गेलं तरी न उडणारा किंवा डोळे चिकटलेला पक्षी दिसला तर सगळे फीडर आणि पाणी दोन आठवडे उतरवा. 'थंडीत उपाशी राहतील' म्हणून ठेवू नका. ते दुसरीकडे पांगतात आणि पांगणंच हवं असतं.

---

धुकं

पाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही.

---

अंगणवेल

धुकं, बरोबर, राहिलंच. कडक थंडीत सगळं गोठलेलं असताना पाणी दाण्याइतकंच ओढून आणतं, कधीच फीडरवर न येणारे रॉबिन, वॅक्सविंगही येतात. थर्मोस्टॅट असलेलं बर्ड बाथ घ्या किंवा आहे त्यात डी-आयसर, म्हणजे पाणी गोठू न देणारा हीटर, टाका. खोली एक ते दोन इंच, मध्ये एक खडबडीत दगड. वायर बाहेरच्या वापराची आणि सॉकेट जीएफसीआयचं, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारं. पाणी गोठू नये म्हणून ग्लिसरीन, मीठ, अँटीफ्रीझ काहीही घालायचं नाही. अँटीफ्रीझ विषारी आहे आणि ग्लिसरीनने पिसं चिकटतात. वीज नसेल तर सकाळी ताटलीत कोमट पाणी ठेवा, गोठलं की काढून घ्या. तासभर मिळालं तरी पुष्कळ.

---

सुगरण

फीडर लावून दहा दिवस झाले, एकही पक्षी नाही. दाणे ताजे आहेत.

---

गारठा

दोन आठवडे जातात कधी कधी. आसपास आडोसा आहे का बघा. उघड्या लॉनच्या मध्यावर लहान पक्षी येत नाहीत. दहा-बारा फुटांवर झुडूप किंवा सदाहरित झाड हवं. त्याहून जवळ असेल तर मांजर दबा धरतं. झुडूप नसेल तर ख्रिसमसनंतर लोक टाकून देतात ते झाड आणून आडवं ठेवा, सजावटीच्या तारा आणि चमक्या काढून. खिडकीच्या फीडरच्या बाबतीत पडदा काही दिवस ओढलेला ठेवा. आणि थोडे दाणे ताटलीच्या काठावर, वरून दिसतील असे ठेवा. चिकाडी सगळ्यांत आधी येते. ती एक दाणा उचलते, फांदीवर जाऊन पायांत धरून फोडते किंवा सालीत लपवून ठेवते आणि परत येते. तिची ये-जा सुरू झाली की बाकीचे मागोमाग येतात. दहा-बारा ग्रॅमचा हा जीव थंड रात्री अंगाचं तापमान दहा-बारा अंश सेल्सियसने खाली आणून ऊर्जा वाचवतो. सकाळी पोट रिकामं असतं, म्हणून फीडर आदल्या संध्याकाळी भरलेला असावा. पहाटे सहाला आपण उठत नाही, ती उठते.

येत असलेले पक्षी एकदम नाहीसे झाले तर वर बघा, जवळच्या फांदीवर कूपर्स हॉक हा शिकारी पक्षी असेल. आठ-दहा दिवस दाणे बंद केले की तो दुसरीकडे जातो.

---

टिटवी (पुणे)

वाचून इथेही करावंसं वाटतं. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सकाळी दहा-बारा अंश असतं. गच्चीवर असा मक्याचा गोळा ठेवला तर?

---

नीलपंख (नाशिक)

टिटवी, गोळा ठेवू नका. आपल्याकडे दुपारी तीस अंशांपर्यंत पारा जातो, दोन तासांत पाघळेल. शिवाय गरजच नाही. पावसाळा संपल्यावर गवताला बी धरलेलं असतं, किडे असतात. आपल्या पक्ष्यांचे हलाखीचे दिवस मार्च ते जून, आणि तेव्हा पाणी लागतं.

हिवाळ्यात आपल्या बागेत येणारे पाहुणे बघा: थिरथिरा, धोबी. हे किडे टिपणारे, त्यांना दाण्याचा काही उपयोग नाही. त्यांच्यासाठी वाळलेला पालापाचोळा झाडाखाली राहू द्या आणि कीटकनाशक फवारू नका. शिंजीरासाठी कर्दळ, जास्वंद. बुलबुल आणि तांबट यांच्यासाठी पिकलेल्या पपईची फोड फांदीला खोचून, दुपारपर्यंत न खाल्लेली काढून टाकायची, नाहीतर मुंग्या आणि चिलटं.

चिमण्या-मुनियांना मूठभर बाजरी किंवा तांदळाची कणी पुरे. पण गच्चीवर पसरलीत तर चिमण्या नाही, पारवे येतील. दाण्याच्या ताटलीवर दीड-दोन इंची चौकोनी तारेच्या जाळीचा पिंजरा पालथा घाला, चारी बाजूंनी ताटलीपासून निदान सहा इंच दूर राहील असा. चिमणी आत जाते, पारव्याला जाता येत नाही आणि मानही पोचत नाही. पारव्यांच्या सुकलेल्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसाचा आजार होतो, म्हणून मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखाने बंद करण्याची कारवाई झाली. सोसायटीत पारव्यांना धान्य टाकणं बंद करणं हेसुद्धा चिमण्यांच्या भल्याचं आहे.

आणि मांडव्याच्या बोटीवरून हिवाळी पाहुण्या कुरवांना (सीगल) गाठ्या, वेफर्स उडवतात, ते कृपा करून थांबवा. ते मासे आणि किडे खाणारे पक्षी आहेत. तेल-मिठाने त्यांचं पोट भरतं, पोषण होत नाही.

---

धुकं

गोणीत जाळी धरली आणि बारीक पाखरं घरभर झाली. सगळं टाकावं का?

---

अंगणवेल

ती धान्यातली पाखरं, आपल्याकडे रव्याला लागतात तसलीच. दाण्यांचे गोळे झाले असतील, वास असेल तर टाका. नुसत्या थोड्या अळ्या असतील तर दाणे पिशव्यांत भरून चार दिवस फ्रीजरमध्ये शून्य फॅरनहाइटला ठेवा, अळ्या आणि अंडी मरतात. मेलेल्या अळ्या पक्षी आनंदाने खातात. पुढच्या वेळी चाळीस पौंडांची गोणी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, सहा-आठ आठवड्यांत संपेल एवढीच घ्या. घरात ठेवायची नाही. गॅरेजमध्ये, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात. प्लॅस्टिकचं पिंप उंदीर एका रात्रीत कुरतडतात. नवी गोणी जुन्या दाण्यांवर ओतू नका, आधी तळ झाडून घ्या.

---

सुगरण

आणि बंद कधी करायचं?

---

गारठा

अस्वलांचा वावर असेल तर मार्चअखेर, ती गुहेतून भुकेली बाहेर येतात आणि फीडर म्हणजे त्यांना आयतं ताट. डिसेंबर ते मार्च एवढंच त्या भागात ठेवावं. बाकीच्यांनी झाडांना पालवी आणि किडे दिसायला लागले की आठवडाभरात हळूहळू कमी करत न्यावं.

बर्फ वितळल्यावर फीडरखाली टरफलांचा काळा चिखल दिसेल. तो उशिरा नको, मार्चमध्येच ओला असताना फावड्याने खरवडून पिशवीत भरा. सूर्यफुलाच्या टरफलांत गवताची वाढ रोखणारी द्रव्यं असतात, तिथे मे महिन्यात गोल टक्कल पडलेलं दिसतं. कंपोस्टमध्येही घालू नका. पुढच्या वर्षी खांब दहा-बारा फूट सरकवून रोवा. फीडर धुऊन, वाळवून, झाकण उघडं ठेवून टांगा. बंद करून ठेवलेल्या नळीत उरलेली दमट हवा बुरशीला ऑक्टोबरपर्यंत पुरते.